लग्नाच्या जेवणाला जुनी मंडळी भेटणार, पण पाऊल उचलत नाही

प्रश्न विचारणारे गृहस्थ 64 वर्षांचे आहेत, डोंबिवलीला राहतात. 1977 साली नाशिकच्या शाळेतून दहावी झाले, 1983 मध्ये एका राष्ट्रीयीकृत बँकेत लागले आणि 2001 मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली. नंतर काढलेलं स्टेशनरीचं दुकान काही वर्षांनी बंद करावं लागलं. आता शाळेपासूनच्या एका मित्राच्या मुलाचं लग्न आहे, तुळशीचं लग्न झालं की लगेच. हा मित्र बँकेतही बरोबर होता, त्यामुळे नाशिकला गंगापूर रोडवरच्या लॉन्सवर संध्याकाळच्या रिसेप्शनला शाळेची आणि बँकेची, दोन्हीकडची मंडळी येणार. यांची अडचण अशी: नावं आठवणार नाहीत, "सध्या काय करतोस?" याला काय सांगायचं कळत नाही, ऐकू कमी येतं, आणि ज्याच्या पतपेढीच्या कर्जाला हे जामीन राहिले होते तो सहकारीही येणार आहे. त्यानं हप्ते थकवले आणि ते यांच्या पगारातून कापले गेले. "मित्राला फोन करून शुभेच्छा द्याव्यात आणि घरीच थांबावं का?" असं ते विचारतात.

नमस्कार. जा, आणि वहिनींनाही घेऊन जा.

निवृत्तीच्या आसपासच्या माणसांशी बोलणं हेच माझं रोजचं काम आहे. तुमच्यासारखं पत्र नवीन नाही. लग्नाला गेलो आणि पश्चात्ताप झाला असं सांगणारी माणसं मला फार कमी भेटतात. गेलो नाही आणि मग तो मित्रच राहिला नाही, असं सांगणारी पुष्कळ भेटतात. मात्र जाताना अपेक्षा बेताची ठेवा. पन्नास वर्षांच्या गप्पा तीन तासांत होणार नाहीत. त्या संध्याकाळी दोन-तीन माणसांशी सुटलेला धागा परत हातात घ्यायचा आणि पुढची भेट ठरवून निघायचं, एवढंच काम. खाली जे लिहिते आहे ते सगळं त्यासाठीच.

आधी नावांचं. विस्मरण होतंय की काय अशी भीती तुमच्या पत्रात दिसते. अमेरिकेत ओहायोतल्या हॅरी बाहरिक या मानसशास्त्रज्ञांनी 1975 मध्ये 392 माणसांना त्यांच्याच शाळेच्या वार्षिकांकांतले फोटो दाखवून तपासलं होतं. शाळा सोडून 15 वर्षं झाली तरी वर्गमित्रांचे चेहरे नव्वद टक्क्यांच्या आसपास ओळखले जात होते, आणि 48 वर्षांनंतरही सत्तरच्या आसपास. पण कुठलाही आधार न देता "वर्गातली नावं सांगा" म्हटलं की भलेभले अडखळत होते. म्हणजे माणूस तुमच्या डोक्यात आहे, फक्त नाव वेळेवर वर येत नाही. नावाचं हे दुखणं तरुणांनाही असतं. ब्रिटनमध्ये 1987 साली झालेल्या एका प्रयोगात दिसलं की तोच शब्द माणसाचा व्यवसाय म्हणून सांगितला तर लक्षात राहतो, आडनाव म्हणून सांगितला तर निसटतो. एखादा माणूस सुतारकाम करतो हे तुम्हाला आठवेल, त्याचं आडनाव सुतार आहे हे आठवणार नाही. व्यवसायाला हत्यारं, वास, दुकान असं बरंच काही चिकटलेलं असतं, नावाला काहीच नाही.

बाहरिकांच्या प्रयोगात एक गोष्ट सोपी होती: फोटो त्या काळचे होते. तुमच्यासमोर टक्कल पडलेले, दाढी पांढरी झालेली, चष्मा बदललेली माणसं येणार. म्हणून आधीच्या आठवड्यात बसून एक तयारी करा. दहावीचा ग्रुप फोटो शोधा. तुमच्याकडे नसेल तर मित्राकडे किंवा बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नक्की असेल. तो समोर ठेवा आणि ग्रुपमधले आजचे डीपी एकेक करून त्याशेजारी लावून बघा. कपाळ आणि केस बदलतात, पण डोळे, हसताना होणारी जिवणी आणि उभं राहण्याची ढब फारशी बदलत नाही. ज्यांचा डीपी गणपतीचा किंवा नातवाचा आहे त्यांच्याबद्दल मित्राला विचारा. बँकेतल्या लोकांसाठी कुणाच्या तरी निरोप समारंभाचा फोटो चालेल. फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि तिथे दाखवा. एक फोटो हातात असला की चार माणसं आपोआप भोवती जमतात आणि नावं तुमच्याऐवजी दुसरंच कुणीतरी घेतं.

तरीही कुणीतरी पाठीवर थाप मारून "ओळखलंस का?" विचारणारच. तिथे "हो हो, ओळखलं ना!" असं खोटं म्हणू नका. पुढची दहा मिनिटं तुम्ही बोलण्यात नसता, नाव शोधण्यात असता, आणि समोरच्याला ते दिसतं. जे आठवतंय ते आधी सांगा आणि नाव त्याच्याकडून घ्या: "चेहरा पक्का ओळखीचा आहे, तू खिडकीच्या बाकावर बसायचास ना? नाव सांग पटकन." आपला बाक आठवतो म्हटल्यावर कुणालाही राग येत नाही. दुसऱ्या बाजूनं, तुम्ही कुणाकडे जाल तेव्हा हा प्रश्न स्वतः विचारू नका. सरळ पूर्ण नाव, तुकडी, गाव सांगा. समोरच्याची सुटका होते.

वर्गातल्या मुलींच्या बाबतीत थोडं जपून. तुमच्या पिढीत लग्नानंतर आडनाव बदललं, आणि पुष्कळ घरांत पहिलं नावही बदललं. हजेरीपटावरच्या नावानं हाक मारल्यावर एखादीचे डोळे भरून येतील, कारण त्या नावानं तिला हाक मारणारं आता घरी कुणी उरलेलं नसेल. दुसरी म्हणेल, आता मी अमुक. दोन्ही ठीक. जुन्या नावानं सुरुवात करा आणि "आता काय म्हणू?" असं विचारून घ्या. शाळेत एका वर्गात असून एकमेकांशी न बोललेली ही माणसं. अरे-तुरे करायचं की अहो-जाहो, हे त्यांना ठरवू द्या. त्यांच्यासोबत यजमान आले असतील तर आधी त्यांच्याशी दोन शब्द बोला, म्हणजे कुणालाच अवघडायला होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची तयारी, जी जवळजवळ कुणीच करत नाही. लग्नाच्या गडबडीआधी मित्राला एक फोन करा आणि स्पष्ट विचारा: आपल्यातलं कोण गेलं, कुणाची बायको किंवा नवरा गेला, कुणाकडे काही मोठं दुखणं आहे, कुणाच्या मुलाबाळांचं काही अवघड आहे? चौसष्टाव्या वर्षी ही यादी लहान नसते. भर मांडवात "वहिनी नाही आल्या?" असं हसत विचारलं आणि वहिनी दोन वर्षांपूर्वी गेलेल्या असल्या, तर त्या माणसाची सगळी संध्याकाळ जाते. आणि कळलेलं असताना विषय टाळून हवापाण्याच्या गप्पा मारल्या तर तेही त्याला लागतं. माझ्याकडे येणारे विधुर हेच सांगतात: जोडीदार गेल्यानंतर लग्नाकार्यात लोक तिचं नाव घ्यायचंच बंद करतात, जणू ती नव्हतीच. त्यामुळे नाव घ्या. "मला उशिरा कळलं. त्यांच्या हातची थालीपिठं बँकेत डब्यातून यायची, ती अजून आठवतात. मी आठवड्यात फोन करतो." एवढं पुरे. मग उपदेश करू नका, स्वतःचं दुःख सांगायला घेऊ नका. जेवायला त्याच्या शेजारी बसा. एकट्यानं लग्नाला आलेल्या माणसाला जेवताना शेजारी कोण, हा फार मोठा प्रश्न असतो.

मुलांबद्दल विचारतानाही शब्द बदला. "मुलगा कुठे असतो? लग्न झालं? नातवंडं किती?" या तिन्ही प्रश्नांत परीक्षा आहे. कुणाचा घटस्फोट झालेला असतो, कुणाला मूल नसतं, कुणी मूल गमावलेलं असतं. "घरी सध्या कोण कोण असतं?" असं विचारलं की ज्याला जेवढं सांगायचंय तेवढं तो सांगतो.

आता "सध्या काय करतोस?" तुमची खरी भीती ही आहे, बाकीच्या तिच्याभोवती आहेत. तुम्ही लिहिलंय की बरोबरचे लोक चीफ मॅनेजर होऊन निवृत्त झाले आणि "माझं दुकानही टिकलं नाही". थोडं मागे जाऊन बघा. 2000-01 मध्ये बँकांतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन लाखाहून जास्त माणसं बाहेर पडली. शाखांत संगणक आले होते, माणसं जास्त ठरत होती, एकरकमी पैसे मिळत होते, आणि चाळिशीतल्या माणसाला वाटत होतं की अजून काहीतरी करून बघण्याइतकं वय आपल्याकडे आहे. त्या रिसेप्शनमध्ये असा निर्णय घेतलेले तुम्ही एकटे नसाल. काहींचं जमलं, काहींचं नाही, आणि थांबलेल्यांतल्या कितीतरी जणांनी पुढची वर्षं लांबच्या बदल्यांवर, घरापासून दूर काढली.

उत्तर घरीच ठरवा, तीन वाक्यांचं. तुमच्या पत्रावरूनच तयार करून देते: "बँक सोडल्यावर स्टेशनरीचं दुकान काढलं, काही वर्षं चालवलं, मग बंद केलं. आता दोन-तीन दुकानदारांचे हिशेब लिहितो आणि सकाळी नातीला शाळेत सोडतो. तू बँकेतून कुठल्या शाखेतून निवृत्त झालास?" यात लपवलेलं काही नाही आणि रडगाणंही नाही. "बंद केलं" हे शब्द सपाट आवाजात, न थांबता म्हणायचे, आणि शेवटी प्रश्न असलाच पाहिजे. आरशासमोर नाही, वहिनींसमोर मोठ्यानं म्हणून बघा. पहिल्यांदा घसा दाटेल, तिसऱ्या वेळी दाटणार नाही. कुणी दुकानाबद्दल खोदून विचारलंच तर "ती मोठी गोष्ट आहे, निवांत सांगेन" म्हणा. तेवढा अधिकार तुम्हाला आहे.

आणखी एक, हे तुम्ही मनापासून ऐकावं असं मला वाटतं. 2018 मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी दाखवलं की पहिल्यांदा भेटून बोलल्यावर दोघांपैकी प्रत्येकाला वाटतं, आपण समोरच्याला फारसे आवडलो नाही; प्रत्यक्षात दोघंही एकमेकांना आवडलेले असतात. बऱ्याच काळानं भेटणाऱ्यांची अवस्था यापेक्षा वेगळी नसते, हे मी कामात रोज पाहते. घरी आल्यावर "मी उगाच बोललो, मी कंटाळवाणा झालो" असं वाटलं तर त्यावर विश्वास ठेवू नका.

बोलायचं काय? "काय दिवस होते रे ते!" यानं गप्पा पुढे सरकत नाहीत, दोघं हसतात आणि संपतं. नेमकं काहीतरी काढा. तुम्ही 1983 ला लागलात म्हणजे बँकांचं वर्ष डिसेंबरला संपायचं तो काळ तुम्ही पाहिलाय. 31 मार्चचं वर्ष 1989 पासूनचं. 30 जून आणि 31 डिसेंबरच्या क्लोजिंगला रात्र रात्र बसून लेजर बॅलन्स करायचे, काही रुपयांच्या फरकासाठी पानंच्या पानं परत टिक करायची, मागवलेला चहा गार होऊन जायचा आणि पहाटे कुणाला तरी सापडायचं की 54 चे 45 लिहिले गेलेत. बँकेतल्या माणसाला ठाऊक असतं: फरकाला नऊनं भाग गेला की आकडे उलटसुलट पडल्याची शंका घ्यायची. "तो फरक त्या वर्षी कुणी शोधला होता?" एवढं विचारा आणि बघा, निवृत्त चीफ मॅनेजर पुन्हा काउंटरवरचा क्लार्क होतो. पितळी टोकनं, दोन चाव्यांची तिजोरी, रिझर्व्ह बँकेचं इन्स्पेक्शन. तुमच्याकडे मुद्देमाल भरपूर आहे. अशा गप्पांत पद आणि फ्लॅटचे चौरस फूट मध्ये येत नाहीत. शाळेच्या मित्रांना मात्र यात गोडी नाही. त्यांच्याशी मास्तरांवरून सुरुवात करा. एकाच घोळक्यात दोन्ही गट आले तर कुठल्याही एका गटाचे किस्से लांबवू नका, बाकीचे नुसते उभे राहतात.

ऐकू न येण्यावर उपाय बराचसा जागेत आहे. वयानुसार ऐकणं कमी होतं तेव्हा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, म्हणजे स, श, फ, त यांसारखी व्यंजनं. आवाज येतो, शब्द कळत नाही, आणि भोवती गलका असला की तेही जातं. श्रवणयंत्र घेऊन डबीत ठेवलं असेल तर आजपासून घरात वापरायला लागा, कारण मेंदूला त्याची सवय व्हायला काही आठवडे लागतात; ऐन लग्नात पहिल्यांदा घातलं तर सनई आणि वाट्यांचा खणखणाट दोन्ही डोक्यात जाईल. लॉन्सवर स्पीकर कुठे आहेत ते आल्याआल्या बघा आणि त्यांच्यापासून लांबचं टेबल धरा. पाठ भिंतीकडे किंवा कुंपणाकडे, उजेड समोरच्याच्या तोंडावर. घोळका चारपेक्षा मोठा झाला की एक बोलणं टिकत नाही, त्याचे दोन तुकडे होतात. हे रॉबिन डनबार या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी मोजून दाखवलेलं आहे आणि चांगलं ऐकू येणाऱ्यांनाही लागू आहे. तेव्हा तुम्ही दोघा-तिघांतच बसा. "या कानानं कमी ऐकू येतं, इकडे बस" असं सुरुवातीलाच सांगा. नाहीतर भलत्याच जागी मान डोलावली जाते आणि समोरच्याला वाटतं, याचं लक्ष नाही.

स्टेजवर जोडप्याला भेटायची लांब रांग लागते, तिला कंटाळू नका. हातात ताट नाही, पळायला जागा नाही, पुढे-मागे ओळखीची माणसं. जुन्या मंडळींना गाठायला यापेक्षा चांगली जागा त्या लॉन्सवर नाही. बुफेचं ताट मात्र हातात घेऊन भेटायला फिरू नका. एका हातात ताट, दुसरा हात खरकटा, नमस्कार करता येत नाही, मिठी मारता येत नाही, आणि मठ्ठा सांडतो. आधी भेटा, मग ज्याच्याशी खरंच बोलायचंय त्याला "चल, जेवून घेऊ" म्हणून टेबलावर घेऊन बसा. मधुमेहाची गोळी असेल तर वेळ बघा, रिसेप्शनचं जेवण हमखास लांबतं. मोकळ्या लॉन्सवर नोव्हेंबरात रात्री थंडी चांगलीच असते, वहिनींची शाल विसरू नका. आणि ओळख करून देताना त्यांचं नाव घ्या, "ही आमची मिसेस" एवढ्यावर सोडू नका.

जामिनाचं प्रकरण. तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त ओळी याच्यावर आहेत. पैसे जाणं एक आणि दर महिन्याच्या पगारपत्रकावर दुसऱ्याच्या कर्जाचा हप्ता पाहत राहणं एक. तो राग खरा आहे आणि तो गिळा असं मी म्हणणार नाही. पण दोन गोष्टी आधी ठरवून जा. पहिली, मित्राच्या शुभकार्यात तो विषय तुमच्या तोंडून निघणार नाही. समोर आला तर नमस्कार, "बरा आहेस?", आणि पुढे. त्यानं स्वतः काढला तर "आज नको, फोन कर" एवढंच. दुसरी, जुनी मंडळी मध्ये पडतील. "झालं गेलं सोडा, हात मिळवा" म्हणत दोघांना ओढतील, फोटो काढतील. तुमची इच्छा नसेल तर हात मिळवायची गरज नाही. "लग्न मजेत होऊ दे, आमचं आम्ही बघू" म्हणून बाजूला व्हा. त्याला माफ करायचं की नाही हे तुमचं तुम्ही, घरी बसून ठरवायचं आहे, आणि न ठरवताही चालतं. इतक्या वर्षांनी कायद्यानं ते पैसे मागायची मुदत केव्हाच उलटली आहे, त्यामुळे तुम्हाला आता हवं आहे ते बहुधा एक वाक्य आहे: "माझ्यामुळे तुला त्रास झाला." ते गर्दीत मिळत नाही. त्याला द्यायचं असेल तर तो फोन करेल.

त्याच रात्री परतू नका. कसाऱ्याच्या घाटाची धास्ती डोक्यात असली की माणूस नऊपासून घड्याळ बघतो, आणि दहाला लाउडस्पीकर बंद झाल्यावर लॉन्स शांत होतं, खुर्च्या ओढून चार माणसं एकत्र बसतात, नेमकं तेव्हाच तुम्ही निघालेले असाल. नाशिकला राहा. रात्रीच दोघा-तिघांना सांगून ठेवा: "सकाळी मिसळ खायला भेटू." रिसेप्शनमध्ये न झालेलं बोलणं तिथे होतं, शांतपणे, ओरडावं न लागता. जमलं तर शाळेच्या फाटकापर्यंत चालत जाऊन या.

घरी आल्यावर आठ दिवसांच्या आत फोन करा. इथेच बहुतेकांचं सुटतं. 2024 मध्ये लारा अॅकनिन आणि जिलियन सँडस्ट्रॉम या मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जुन्या मित्राशी बोलायची इच्छा होती, नंबर होता, मेसेज लिहायला वेळही दिलेला होता, तरी एक तृतीयांशांपेक्षा कमी लोकांनी तो पाठवला. आधी तीन मिनिटं नेहमीच्या मित्रांना मेसेज करायला लावले, तेव्हा निम्म्याहून जास्त लोकांनी पाठवला. तुम्हीही तसंच करा: आधी भावाला किंवा शेजाऱ्याला फोन लावा आणि त्याच बैठकीत पुढचा नंबर फिरवा. व्हॉट्सअॅपवर सुप्रभात पाठवणं यात धरू नका. "काही काम नव्हतं, परवा बोलणं अर्धवट राहिलं म्हणून केला" असं सांगा. इतक्या कमी निमित्तानं आलेला फोन लोकांना किती आवडतो याचा अंदाज करणाऱ्याला कधीच येत नाही.

बँकेतल्या मित्रांसाठी एक तयार निमित्त तुमच्याकडे आहेच. तुम्हाला पेन्शन आहे असं लिहिलंय, म्हणजे नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असणार. तो मोबाइलवरून घरबसल्या देता येतो, तरी यंदा तसा देऊ नका. ठाणे-डोंबिवलीकडे राहणारा एखादा जुना सहकारी रिसेप्शनच्या रांगेत भेटेल, त्याच्याशी दिवस आणि शाखा तिथेच ठरवा: दाखला बरोबर देऊ आणि मग चहा घेऊ.